हिंग की मंडीतले बूट

आग्र्याला जाणारा माणूस ताजमहाल पाहायला जातो. आम्ही बूट घ्यायला गेलो. कार्यालयात रजेचा अर्ज दिला तेव्हा साहेबांनीही कारण दोनदा वाचले. नागपुरात बुटांची दुकाने काय कमी आहेत, असा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्तच होता. त्याचे उत्तर थोडे लांबचे आहे.

आमची पुतणी वनरक्षक आहे. भरतीच्या वेळी मुलांना चार तासांत २५ किलोमीटर आणि मुलींना १६ किलोमीटर चालून दाखवावे लागते. तिने ते शाळेतल्या जुन्या कॅन्व्हासच्या बुटांवर पार पाडले. नेमणूक गोंदियाकडच्या जंगलात झाली. रोज दहा-बारा किलोमीटरची गस्त, बांबूची रांजी, काटे, नाले, पावसाळ्यात गुडघाभर गवत, आणि त्या गवतात काय असेल ते सांगता येत नाही. पोरीला चांगले बूट घेऊन द्यायचे म्हणून आम्ही तिला शहरातल्या एका झगमगीत दुकानात नेले. दुकानदाराने 'हंटिंग बूट' म्हणून एक जोड काढला. वर तपकिरी, खाली जाड तळ, नाडी घोट्याच्या वरपर्यंत. किंमत ३,२०० रुपये. मनात म्हटले, एकदाच घेऊ पण चांगले घेऊ.

आता शिकारीचे बूट हे नाव साहेब लोकांच्या काळातले. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, शिकार बंद झाली, बुटाचे नाव मात्र राहिले. आज ते बूट जनावर मारणाऱ्याच्या पायात नाहीत, जनावर राखणाऱ्याच्या पायात आहेत. नावाचे आम्हाला काही वाटले नाही. वाटले ते तिसऱ्या महिन्यात. जुलैत एका नाल्यातून जाताना उजव्या बुटाचा तळ पुढून उघडला आणि ती चार किलोमीटर नायलॉनच्या दोरीने बूट बांधून परत आली. हे तिने आम्हाला सांगितले नाही. सुट्टीवर घरी आली तेव्हा पाय धुताना तिच्या काकूला दोन्ही अंगठ्यांची नखे काळी पडलेली दिसली. बूट पायापेक्षा रुंद होते. उतारावर पाय आत पुढे घसरायचा आणि नखे आपटायची. दुकानदाराकडे गेलो तर तो म्हणाला, "पाण्यात घातले ना? मग गॅरंटी नाही." जंगलात चालायचे बूट पाण्यात घालायचे नसतात, हे ज्ञान आम्हाला त्या दिवशी झाले.

आमच्या घरात बुटाला एक जुना इतिहास आहे, तो थोडक्यात सांगतो. आमचे आजोबा गावात असेपर्यंत पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना वहाणा काढून हातात घेत. पावसाळा असो की वैशाख, नियम एकच. त्यांचे धाकटे भाऊ १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिल्यावर फौजेत गेले आणि पहिल्या सुट्टीला खिळ्यांचे सरकारी बूट घालूनच गावात शिरले. वाड्यासमोरच्या फरशीवर त्या खिळ्यांचा आवाज झाला. कोणी काही बोलले नाही. बोलले ते नंतर, आजोबांना. पण तो आवाज आमच्या घरात तीन पिढ्या सांगितला जातो. त्याच घरातल्या मुलीने दोरीने बांधलेला बूट ओढत यावे, हे आमच्या सौ.च्या मनाला फार लागले. त्या म्हणाल्या, "अहो, आपली माणसे आग्र्यात बूट करतात ना? मग तिथेच जाऊ."

झाले. दोन्ही फाटके बूट पिशवीत घालून आम्ही तिघे फेब्रुवारी २०२४ मध्ये दिल्लीकडच्या गाडीत बसलो. इटारसी, भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर झाले आणि मुरैन्यानंतर चंबळच्या घळी खिडकीतून दिसल्या. पुतणी म्हणाली, "काका, इथे गस्त घालायची तर बूट आणखी वेगळे लागतील." मुलीला आता सगळीकडे बीटच दिसते.

आग्रा कँटला उतरलो तो दिवस शुक्रवार, २३ फेब्रुवारी. शुक्रवारी ताज बंद असतो. त्यामुळे कोणता मोह आधी आवरायचा हा प्रश्नच उरला नाही. सामान धर्मशाळेत टाकून सरळ हिंग की मंडी गाठली. नाव हिंगाचे, पण वास हिंगाचा नाही. चामड्याचा आणि चिकटवायच्या सोल्यूशनचा. अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना माळ्यापर्यंत खोक्यांच्या थप्प्या. एका दुकानात नुसते तळ, दुसऱ्यात नुसत्या टाचा, तिसऱ्यात नाड्या आणि नाडीच्या छिद्रांची पितळी वलये, चौथ्यात फर्मे. फर्मा म्हणजे ज्याच्यावर बूट चढवून बेततात तो लाकडाचा किंवा प्लास्टिकचा पाय. एका दुकानात असे शेकडो पाय टांगलेले पाहून सौ. जरा दचकल्याच.

आग्र्याच्या या धंद्याचा कणा जाटव समाज आहे. मोठ्या निर्यात कारखान्यांपासून घरातल्या एका खोलीपर्यंत बूट करणारे हात बहुतेक त्यांचे, आणि विकणारी गादी बहुतेक दुसऱ्यांची. १९४७ च्या फाळणीत या मंडीतले बरेच मुसलमान व्यापारी गेले आणि निर्वासित पंजाबी-सिंधी व्यापारी आले. गादीवरची माणसे बदलली, खाली बसणारी तीच राहिली. पुढे सोव्हिएत युनियनला येथून पुष्कळ माल जाई. १९९१ साली तो देशच विस्कटला आणि आग्र्याची ती मोठी गिऱ्हाइकी गेली. या सगळ्यात टिकून राहिला तो घरगुती कारागीर. आठवडाभर घरात जोड तयार करायचे आणि मंडीत नेऊन गादीवाल्याला विकायचे, ही त्याची जुनी वहिवाट.

येथे एक गोष्ट कळली, ती बी.कॉम. झालेल्या माणसाच्या डोक्यात घट्ट बसली. गादीवाला कारागिराला रोख देत नाही, पर्ची देतो. पर्ची म्हणजे अमुक आठवड्यांनी अमुक रक्कम देण्याची चिठ्ठी. कारागिराला घरभाडे आणि पुढच्या मालाचे चामडे आजच हवे असते. म्हणून तो ती पर्ची दुसऱ्या सावकाराकडे नेतो आणि वटावाची रक्कम कापून उरलेले पैसे घेतो. हे ऐकताच आम्ही म्हणालो, ही तर हुंडी! कॉलेजात 'हुंडी वटवणे' हा धडा आम्ही पाठ केला होता, त्यावर जमाखर्चाच्या नोंदीही केल्या होत्या. पण त्या नोंदीत वटाव सोसणारा माणूस कुठेच दिसत नव्हता. तो आम्हाला हिंग की मंडीत दिसला.

मंडीत बूट मात्र मिळाले नाहीत. बूट होते, ढिगाने होते. पण पुतणीच्या पायाचे नव्हते. घोट्यावरचा मजबूत बूट म्हटला की दुकानदार पुरुषांचा जोड काढी आणि "लेडीज चाहिए तो ये लीजिए" म्हणून टाचेची नाजूक बुटे पुढे करी. लहान मापाचा पुरुषी बूट घेतला तर लांबी जमायची आणि टाच ढिली राहायची. बाईच्या पायाची टाच पंजाच्या मानाने बारीक असते, हे पुरुषी फर्म्याला ठाऊक नसते. चार तास फिरून आम्ही रिकाम्या हाताने परतलो.

दुसऱ्या दिवशी माघ पौर्णिमा होती. सकाळी आम्ही चक्कीपाटाच्या बुद्धविहारात गेलो. आग्र्यात आलेल्या आपल्या माणसाने ताज एक वेळ चुकवावा, पण हे स्थान चुकवू नये. १८ मार्च १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेब आग्र्यात आले, रामलीला मैदानावर प्रचंड सभेत बोलले आणि चक्कीपाटावर त्यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. नागपूरची दीक्षा त्यानंतर सात महिन्यांनी. शिकलेल्या माणसांनी समाजाकडे पाठ फिरवल्याची खंत बाबासाहेबांनी त्या आग्र्याच्या सभेत बोलून दाखवली होती, हे आपण सर्वजण जाणतो. आम्ही पगारदार कारकून तेथे उभे राहिलो तेव्हा नजर आपोआप जमिनीकडे गेली.

वंदना झाल्यावर विहाराबाहेर चपला शोधताना एका वृद्ध उपासकाने आमच्या पिशवीतून डोकावणारे फाटके बूट पाहिले आणि हसून विचारले, "यह दान के लिए लाए हैं क्या?" आम्ही हकिकत सांगितली. नागपूरचे म्हटल्यावर त्यांनी आमचे हात हातात घेतले. दीक्षाभूमीला ते तीनदा येऊन गेले होते. १४ एप्रिलच्या सुमारास आग्र्यात भीमनगरी उभारतात, दरवर्षी निराळ्या वस्तीत, आणि ती सारी वस्ती रोषणाईने सजते, त्या वेळी या, असे त्यांनी बजावले. मग म्हणाले, बुटासाठी मंडीत कशाला गेलात, माझा भाचा करून देईल.

रिक्षात बसल्यावर सौ.नी सोणाची गोष्ट काढली. विनयपिटकातल्या महावग्गात ती आहे. सोण कोळिविस हा फार सुखात वाढलेला तरुण भिक्खू झाला आणि इतके चंक्रमण केले की पाय फुटून वाट रक्ताने भरली. भगवंतांनी त्याला एका पदराच्या तळाची पादत्राणे घालण्याची परवानगी दिली. सोण म्हणाला, एवढी संपत्ती सोडून आलो आणि आता जोड्यात अडकलो असे लोक म्हणतील. संघाला परवानगी असेल तर मीही घालीन. तेव्हा भगवंतांनी साऱ्या संघाला परवानगी दिली. पुतणी म्हणाली, "म्हणजे काकू, माझ्या बीटवरच्या बाकीच्या मुलींनाही मिळाले पाहिजेत." आम्ही पाकीट चाचपले आणि विषय बदलला.

भाच्याचे घर जगदीशपुऱ्याच्या एका गल्लीत होते. खालच्या खोलीत काम, वर संसार. भिंतीवर बाबासाहेब आणि भगवान बुद्ध, खाली चामड्याच्या गुंडाळ्या. कारागीर पन्नाशीचा, बोटे सोल्यूशनने काळवंडलेली. "जय भीम बाबूजी" म्हणून त्याने आम्हाला मोढे दिले आणि आमचे फाटके बूट हातात घेतले. काही न बोलता त्याने रापी घेतली आणि बूट मधोमध चिरला.

पुढचा अर्धा तास आम्ही जे शिकलो ते बत्तीसशे रुपयांना महाग नव्हते. वरचे तपकिरी 'चामडे' म्हणजे खालच्या थराचे विरविरीत कातडे, त्यावर प्लास्टिकचा लेप. कापलेल्या कडेवर त्याने नख फिरवले तर लेप सालीसारखा निघाला. अस्सल वरच्या थराच्या चामड्याच्या कडेला तंतू घट्ट विणल्यासारखे दिसतात आणि पाण्याचा थेंब टाकला तर तो हळूहळू शोषून तिथे डाग गडद होतो. लेपावरून तो नुसता ओघळतो. आतला तळवा पुठ्ठ्याचा निघाला, भिजून लगदा झालेला. बाहेरचा तळ हलक्या पीयू फोमचा. हा फोम हलका असतो, मऊ असतो, म्हणून दुकानात पायाला फार बरा वाटतो. पण दमट हवेत तो काही वर्षांत आपोआप भुसभुशीत होतो, वापरा की कपाटात ठेवा. आणि तो नुसता चिकटवलेला होता, एक टाकाही नव्हता. टाचेच्या मागचा भाग अंगठ्याने दाबला तर आत गेला. "यह कड़ा होना चाहिए, एड़ी को यही पकड़ता है," तो म्हणाला. बूट वाकवून पाहावा तर पंजाच्या जोडाशी वाकला पाहिजे, जिथे पाऊल वाकते तिथे. हा मधेच वाकत होता, कारण आत पोलादी पट्टी नव्हती.

मग त्याने पुतणीला जाड मोजे घालून उभे राहायला सांगितले, बसून नाही. उभे राहिल्यावर पाय पसरतो. कागदावर दोन्ही पायांची रेघ काढली. डावा पाय उजव्यापेक्षा थोडा मोठा निघाला, बहुतेकांचा एक मोठा असतोच. पंजा, चवडा, टाच, घोटा अशी मापे फितीने घेतली. माप संध्याकाळचे पुन्हा घेणार म्हणाला, दिवसभर चालून पाय सुजतो तेव्हाचे खरे. बाईचा फर्मा एवढ्या उंच बुटासाठी त्याच्याकडे नव्हता. तेव्हा त्याने टाचेच्या मापाचा लहान फर्मा घेतला आणि पंजाच्या जागी चामड्याचे पातळ तुकडे चिकटवून, कानशीने घासून तो वाढवला. मंडीत चार तासांत जे सुटले नाही ते त्याने चार तुकड्यांत सोडवले.

"बिटिया, चलना कहाँ है?" असे त्याने विचारले आणि पुतणीने त्याला जंगल सांगितले. पाणी आत जाते, थांबवता येत नाही, पण लवकर वाळले पाहिजे, म्हणून आत जलरोधक अस्तर नको. उन्हाळ्यात त्याने पाय शिजतात. जीभ दोन्ही बाजूंना वरपर्यंत शिवलेली हवी, म्हणजे खडे आणि कुसळे आत जाणार नाहीत. तळाचे दाते खोल पण विरळ हवेत, कारण आमच्याकडची काळी माती दाट दात्यांत अशी बसते की प्रत्येक पायाला किलोभर वजन येते. पुढे लोखंडी टोपी नको, उगाच जड होते. तळ रबराचा, आधी चिकटवलेला आणि मग कडेने मेणाच्या दोऱ्याने शिवलेला. वेल्टचे बूट याहून टिकतात, ते त्याला येत होते, पण त्याला जास्त दिवस आणि जास्त पैसे लागणार होते. त्याने स्वतःच सांगितले, एवढ्या कामाला हे पुरे आहे.

आता पैशाचे. त्याने २,६०० रुपये सांगितले. आम्ही सवयीने म्हणालो, दोन हजार. वर असेही म्हणालो की आपण एका समाजाची माणसे. तो चिडला नाही. त्याने पाटीवर खडूने लिहून दाखवले. चामडे, तळ, अस्तर, बाकीचे सामान मिळून सोळाशे. उरले हजार. त्यात तो आणि वरचा भाग शिवणारा दुसरा माणूस, दोघांचा दीड दिवस. आम्ही मागत असलेले सहाशे चामड्यातून निघणार नव्हते, कारण चामडेवाला कमी करणार नव्हता. ते त्या हजारातूनच निघणार होते. मंडीत पर्ची देणारा जे करतो तेच आम्ही करायला निघालो होतो, फक्त तोंडाने जयभीम म्हणून. हे आम्हाला कळायच्या आधी सौ.ना कळले. त्यांनी पर्स उघडून हजार रुपये आगाऊ काढून ठेवले आणि आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

रविवार-सोमवार आम्ही संकिसाला जाऊन आलो. भगवंत तावतिंस लोकात मातेला अभिधम्म सांगून जेथे उतरले असे मानतात ते हे स्थळ. अशोकाच्या स्तंभावरचा हत्ती अजून तेथे आहे, सोंड तुटलेला. रस्ता लांबचा आणि खडबडीत होता, त्याविषयी पुन्हा कधी.

मंगळवारी बूट तयार होते. दिसायला साधे, दुकानातल्या जोडासारखी ऐट नाही. कारागिराने पुतणीला गल्लीत चालायला लावले नाही, जिन्यावर चढा-उतरायला लावले. उतरताना अंगठा पुढे लागतो का? नाही. चढताना टाच उचलते का? किंचित. त्याने आत एक पातळ पट्टी चिकटवली. पुतणी जिना उतरून आली ती सरळ गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि परत यायला तिने वेळ लावला. परतली तेव्हा बूट काढायला तयार नव्हती. ताजमहाल तिने तेच बूट घालून पाहिला, मुख्य चौथऱ्यावर त्यावर कापडी आवरणे चढवून.

या गोष्टीला आता एकवीस महिने झाले. दोन पावसाळे गेले. बुटांत दोष नाहीत असे नाही. पहिले दोन आठवडे टाचेला फोड आले, चामडे मऊ व्हायला वेळ लागला. उन्हाळ्यात जड वाटतात. नाडीची दोन वलये गंजली. एकदा तिच्या खोलीतल्या मैत्रिणीने चांगुलपणाने ओले बूट चुलीजवळ ठेवले आणि डाव्याला बारीक भेग पडली. ओले बूट उन्हात की विस्तवाजवळ ठेवायचे नसतात; आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत ठेवायचे आणि वाळल्यावर मेणाचे पॉलिश घासायचे. यंदाच्या पावसाळ्यानंतर तळ पुढून झिजला. गोंदियाच्या मोचीने कडेची शिवण उसवून ४५० रुपयांत नवा घातला. जुन्या जोडाला हे करता आलेच नसते. आम्ही हिशेब मांडला. पहिला जोड महिन्याला हजाराहून अधिक पडला, हा महिन्याला दीडशेच्या आत. प्रवासखर्च यात धरलेला नाही, तो सौ.नी यात्रेच्या खाती टाकायला लावला. नखे आता पांढरी आहेत.

गेल्या महिन्यात पुतणीकडून टपालाने एक जाड पाकीट आले. आत याच साप्ताहिकाच्या जुन्या अंकांची पाने, आणि प्रत्येक पानावर पेन्सिलने काढलेली पावलांची रेघ, शेजारी पंजा-टाच-घोट्याची मापे. पाच मुलींची, सर्व उभ्या राहून, संध्याकाळी काढलेली. आम्ही ती आग्र्याला पाठवली. कारागिराचा फोन आला. भाव आता २,८०० झाला, चामडे महागले, असे म्हणाला. आम्ही बरे म्हणालो. मग त्याने विचारले, "बाबूजी, चौथा पाय किसी बच्ची का है क्या? इतना छोटा फर्मा ढूँढना पड़ेगा." आम्ही पुतणीला विचारून सांगितले की नाही, तीही वनरक्षकच आहे, आणि बीटवर सर्वांत पुढे तीच चालते.